पाईपमधलं पाणी कधी बिथरतं? टर्ब्युलन्सची सुरुवात आणि छोटी मॉडेलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठी घरांतून इंजिनिअरिंगला आलेली मुलं मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न त्यांच्या घरच्यांचे आहेत, कारण मुलगा ‘पाईपवर’ अभ्यास करतो म्हटल्यावर उसाच्या पाईपलाईनचा विषय निघतोच. शाळा मराठीत, कॉलेजातले मित्र कन्नड, पुस्तकं इंग्रजी अशी आपल्याकडची तऱ्हा. परीक्षा इंग्रजीत द्यावी लागली तरी विषय आधी आपल्या भाषेत समजून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

पाणी बिथरतं म्हणजे नेमकं काय होतं?

गुऱ्हाळावर काकवीची धार बघितली असेल. थर थरावरून सरकतो, शेजारच्या थरात मिसळत नाही, म्हणून ती काचेसारखी नितळ दिसते. हा लॅमिनार प्रवाह. मराठी पुस्तकांत त्याला ‘स्तरीय’ म्हणतात आणि तो शब्द अगदी नेमका आहे. पावसाळ्यात खानापूरच्या पुलावरून मलप्रभा बघितली की दुसरं टोक दिसतं: भोवऱ्यात भोवरे, आणि कुठला थेंब कुठे जाईल याचा काही नेम नाही. हा टर्ब्युलंट प्रवाह.

सरळ गोल पाईपमध्ये लॅमिनार प्रवाहाचा वेग भिंतीशी शून्य असतो आणि मध्यावर सर्वांत जास्त, सरासरीच्या बरोबर दुप्पट. प्रवाह बिथरला की भोवरे मधलं वेगवान पाणी भिंतीकडे नेतात आणि भिंतीकडचं मंद पाणी आत आणतात. त्यामुळे वेगाचा उंचवटा चेपला जातो आणि मधला वेग सरासरीच्या जवळ येतो. हे नीट लक्षात ठेवा. पुढचं सगळं मॉडेल या एका चेपण्यावर उभं आहे.

आमच्या घरच्या नळाची रेनॉल्ड्स संख्या किती?

प्रवाह बिथरेल का, याचा अंदाज या संख्येवरून येतो. सरासरी वेगाला पाईपच्या आतल्या व्यासाने गुणायचं आणि द्रवाच्या कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटीने, म्हणजे त्याच्या चिकटपणाच्या मापाने, भागायचं. वीस अंशांच्या पाण्यासाठी ही व्हिस्कॉसिटी दर सेकंदाला सुमारे एक चौरस मिलिमीटर असते.

आतून १५ मिलिमीटर व्यासाचा पाईप घ्या. रेनॉल्ड्स संख्या २०४० (ही बिथरण्याची हद्द, ती कुठून आली ते पुढे येईल) यायला वेग सेकंदाला १३-१४ सेंटीमीटर लागतो, म्हणजे मिनिटाला साधारण दीड लिटर. पंधरा लिटरची बादली भरायला दहा मिनिटं लागत असतील तर तुमचा नळ सीमारेषेवर आहे. दोन मिनिटांत भरत असेल तर संख्या दहा हजारांच्या वर गेली. मोबाईलवर वेळ लावून एकदा मोजून बघा. हा आकडा पुस्तकातून पाठ केलेल्यापेक्षा जास्त दिवस लक्षात राहतो.

एका पुस्तकात २०००, दुसऱ्यात २३००, तिसऱ्यात ४०००. खरा आकडा कोणता?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तरही सगळ्यात रंजक.

ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८३ साली मँचेस्टरमध्ये काचेच्या नळीत रंगाची बारीक रेघ सोडून हा प्रयोग छापला. नळीचं तोंड त्याने तुतारीसारखं रुंद ठेवलं होतं आणि पाणी आधी पूर्ण स्थिर होऊ दिलं होतं. इतकी काळजी घेतल्यावर त्याची रेघ सुमारे १३,००० पर्यंत सरळ राहिली. त्याच शहरात पुढे प्रयोग पुन्हा केला तेव्हा रस्त्यावरच्या गाड्यांच्या हादऱ्यांमुळे तो आकडा गाठता येईना, असं सांगतात. उलट १९६१ साली फेनिंगरने नळीच्या तोंडाशी प्रवाह इतका शांत ठेवला की तो एक लाखापर्यंत लॅमिनार राहिला.

याचा अर्थ वरच्या बाजूला ठराविक आकडाच नाही. गणितही तेच सांगतं. पाईपमधल्या लॅमिनार प्रवाहाला अगदी बारीक धक्का दिला तर तो धक्का शेवटी विरून जातो. रेनॉल्ड्स संख्या एक कोटीपर्यंत नेऊन हे संगणकावर तपासलेलं आहे. प्रवाह आपोआप बिथरत नाही, त्याला पुरेसा मोठा धक्का लागतो. संख्या जितकी मोठी तितका लहान धक्का पुरतो. २००३ मधल्या एका प्रयोगात दिसलं की संख्या दहापट केली तर लागणारा धक्का साधारण दहापट लहान होतो. आपल्या घरच्या नळात वळणं, सांधे, अर्धवट उघडी चावी असे धक्के भरपूर, म्हणून तिथे दोन-अडीच हजारांतच खेळ आटोपतो. पुस्तकांतले २३०० आणि ४००० हे डिझाईनच्या सोयीचे आकडे आहेत. पाईप निवडायला ते ठीक आहेत, पण निसर्ग तिथे रेघ मारत नाही.

खालच्या बाजूला मात्र अर्थपूर्ण आकडा आहे: कितीही जोराचा धक्का दिला तरी बिथरलेपण कायम टिकू शकत नाही, ती हद्द. ती शोधायला २०११ साल उजाडलं. रेनॉल्ड्सनंतर १२८ वर्षं.

मग २०४० कुठून आला?

दोन हजारांच्या आसपास सगळा पाईप एकदम बिथरत नाही. लॅमिनार पाण्यात मधेच खळबळीचे पुंजके येतात, प्रत्येक साधारण वीस-तीस व्यास लांबीचा. त्यांना ‘पफ’ म्हणतात. रेनॉल्ड्सलाही ते दिसले होते. १९७०च्या दशकात विग्नान्स्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते बारकाईने मोजले.

पफचं नशीब दोन प्रकारचं. तो अचानक मरतो, किंवा त्याच्यापुढे दुसरा पफ जन्मतो आणि एकाचे दोन होतात. पफला वय नसतं. तासभर जगलेला पफ आणि आत्ता जन्मलेला पफ, दोघांची पुढच्या क्षणी मरण्याची शक्यता सारखीच असते. रेनॉल्ड्स संख्या वाढवली की मरायला लागणारा सरासरी काळ भलत्याच वेगाने वाढतो आणि दुभंगायला लागणारा काळ तसाच घटतो. दोन्ही रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे हद्द: २०४०, दहा इकडे किंवा दहा तिकडे. आव्हिला, हॉफ, बार्कली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली ‘सायन्स’मध्ये हे मांडलं.

गल्लीतल्या तापाच्या साथीसारखं बघा. एकेक रोगी बरा होतोच. पण बरा होण्याआधी त्याने सरासरी एकापेक्षा जास्त जणांना ताप दिला तर साथ टिकते, नाहीतर विझते. एका रोग्याकडे कितीही निरखून बघा, साथीचं उत्तर मिळणार नाही. वर्षानुवर्षं एकेका पफच्या आयुष्यावर वाद चालले होते. दुभंगणं त्याच्या शेजारी मांडल्यावर गुंता सुटला.

आता अडचण किती मोठी होती ते बघा. छेदबिंदूपाशी सरासरी काळ इतका लांब की पफ तेवढ्या वेळात सुमारे दोन कोटी व्यास अंतर जातो. प्रयोगाचा पाईप ४ मिलिमीटरचा होता. दोन कोटी गुणिले ४ मिलिमीटर म्हणजे ८० किलोमीटर, जवळजवळ बेळगाव ते धारवाड! तेवढी काचेची नळी कोण टाकणार? पंधरा मीटरच्या नळीत हजारो पफ सोडून, किती मेले आणि किती दुभंगले याची आकडेवारी काढून तो काळ गाठला. सबुरीचं काम, आणि मला त्याबद्दल फार आदर आहे.

कॉम्प्युटर एवढे मोठे झाले. समीकरणं सरळ का सोडवत नाहीत?

सोडवतात. प्रवाहाची मूळ समीकरणं, म्हणजे नेव्हियर-स्टोक्स समीकरणं, पाईपसाठी थेट सोडवली जातात आणि निकाल प्रयोगाशी छान जुळतात. पण एका लहानशा तुकड्यातसुद्धा लाखो आकडे प्रत्येक क्षणी पुढे सरकवावे लागतात, आणि वर सांगितलेल्या ८० किलोमीटरच्या हिशेबाला ते पुरे पडत नाही. शिवाय समजा पुरं पडलं, तर हातात काय येईल? पाण्याची हुबेहूब नक्कल. पफ मरतो का, याचं उत्तर त्या आकड्यांच्या ढिगातून पुन्हा माणसालाच उकरून काढावं लागणार.

रिड्यूस्ड-ऑर्डर मॉडेल म्हणजे मग काय कमी करायचं?

लाखो आकड्यांच्या जागी मूठभर आकडे ठेवायचे आणि त्यांचे नियम लिहायचे. कुठले ठेवायचे, यातच सगळं कसब आहे.

रुळलेली वाट अशी. प्रवाहाचे हजार ‘फोटो’ घ्यायचे आणि असे मोजके आकार शोधायचे की त्यांच्या कमीअधिक मिश्रणातून प्रत्येक फोटो जवळपास परत उभा राहील. ज्या आकारांत ऊर्जा जास्त ते ठेवायचे, बाकीचे सोडायचे. याला पीओडी (प्रॉपर ऑर्थोगोनल डिकॉम्पोझिशन) म्हणतात. लमलीने १९६७ साली ही रीत टर्ब्युलन्सला लावली. १९८८ मध्ये ऑब्री, होम्स, लमली आणि स्टोन यांनी भिंतीलगतच्या प्रवाहाचं अवघ्या पाच आकारांचं मॉडेल केलं आणि खळबळीचे अचानक येणारे झटके त्यात दिसले. ते काम आजही वाचण्यासारखं आहे.

पाईपमध्ये मात्र ही वाट दोन ठिकाणी फसते, आणि प्रोजेक्ट करणारी मुलं हमखास तिथेच अडकतात.

पहिली फसगत सरकण्याची. पंढरपूरला निघालेली दिंडी रस्त्याकडेला उभं राहून टिपली तर प्रत्येक फोटो वेगळा येतो: आधी पताका, मग टाळकरी, मग तुळशीवाल्या बाया, मग रिकामा रस्ता. हे सगळं मांडायला ढीगभर आकार लागतील. तेच दिंडीबरोबर चालत फोटो काढले तर दृश्य जवळपास तेच राहतं आणि दोन-चार आकारांत काम भागतं. पफ पाईपमधून असाच चालत जातो. आधी त्याचं चालणं वेगळं काढा, मगच पीओडी लावा. पहिल्या प्रयत्नात मीसुद्धा हे केलं नव्हतं. चाळीस आकार घेऊनही चित्र नीट उभं राहिना, तेव्हा दोन आठवडे मी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसलो होतो.

दुसरी फसगत जास्त खोल आहे. आमटीत मीठ वजनाने किती असतं? वजनावरून काय ठेवायचं ते ठरवलंत तर मीठ आधी जाईल. पाईपच्या खळबळीत प्रवाहाच्या दिशेने लांबलेले सुस्त, गोल फिरणारे भोवरे असतात. त्यांची ऊर्जा अगदी थोडी. पण तेच भिंतीकडचं मंद पाणी उचलून आत आणतात आणि आतलं वेगवान पाणी भिंतीकडे ढकलतात, त्यातून वेगाचे लांब पट्टे तयार होतात. या पट्ट्यांत ऊर्जा भरपूर. पट्टे डळमळतात, त्यातून लाटा उठतात, आणि लाटा पुन्हा त्या सुस्त भोवऱ्यांना ढकलतात. रहाटगाडगंच हे. एक गाडगं भरतं ते दुसऱ्याच्या जिवावर. ऊर्जेच्या हिशेबाने चालणारी पीओडी पट्टे ठेवते आणि भोवरे टाकते. रहाट थांबतो, आणि तुमचं मॉडेल एकतर मरून जातं किंवा भरकटतं.

वॉलेफने १९९७ साली हा रहाट आठ समीकरणांत बांधला. २००४ मध्ये मोहलिस, फाइस्ट आणि एकहार्ट यांनी नऊ समीकरणांचं सुधारलेलं रूप दिलं. ती पाईपसाठी नाहीत, दोन सपाट भिंतींमधल्या प्रवाहासाठी आहेत. तरी खळबळ काही काळ टिकून अचानक मरते, हे त्या नऊ समीकरणांतही दिसतं. एम.टेक.चा विद्यार्थी ती एका संध्याकाळी चालवून बघू शकतो.

दोनच आकड्यांत पाईप बसवला असं म्हणतात. खरंच?

खरंच, आणि मला या विषयाचा नाद लागला तो याच मॉडेलमुळे.

वॉरिक विद्यापीठातल्या ड्वाइट बार्कलीने २०११ साली ते मांडलं. पाईपच्या लांबीवर प्रत्येक ठिकाणी दोनच गोष्टी बघायच्या: खळबळ किती आहे, आणि मध्यावरचा वेग किती आहे. भोवऱ्यांचे आकार आणि आडव्या छेदातली नक्षी सगळी सोडून द्यायची.

नियम असे. मधला वेग भरपूर असेल तर खळबळीला खाद्य मिळतं, पण आधी ती एका उंबरठ्यावर असली पाहिजे. त्याखाली असेल तर विझते. खळबळ असेल तिथे वेगाचा उंचवटा चेपला जातो. खळबळ गेली की उंचवटा पुन्हा वर येतो, पण सावकाश.

आपल्याकडे तोडणीनंतर फडात पाचट पेटवतात, ते आठवा. वाळलेलं पाचट जाळाचं खाद्य. काडीभर ठिणगी विझून जाते, चांगला पेटता बोळा टाकला तर जाळ धरतो. जळून गेलेल्या पट्ट्यात लगेच पुन्हा जाळ लागत नाही, तिथे आधी पाचट साठायला हवं. पफमध्ये ‘पाचट’ म्हणजे मधला वेगवान प्रवाह. तो पफपेक्षा वेगाने धावतो, त्यामुळे पफच्या मागून सतत ताजं खाद्य त्यात शिरत राहतं. पफच्या पुढे मात्र चेपलेलं, दमलेलं पाणी असतं. ते वीस-पंचवीस व्यास अंतर गेल्यावर पुन्हा सावरतं. म्हणून दोन पफ एकमेकांना चिकटून राहू शकत नाहीत.

हे नियम मज्जातंतूच्या नियमांसारखे आहेत. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये मज्जातंतूतल्या विजेच्या झटक्यासाठी चार राशींचं मॉडेल दिलं. दहा वर्षांत फिट्झह्यू आणि नागुमो यांच्या कामातून ते दोन राशींवर आलं. तोच साचा पाण्याला लागू पडला. मेंदूकडे जाणारा झटका आणि पाईपमधला पफ यांच्यात द्रव्य म्हणून काहीही सारखं नाही. दोघांचा उंबरठा आणि दोघांची सावरण्याची सवय तेवढी सारखी.

ही नुसती उपमा झाली. मॉडेलने नवीन काय सांगितलं?

शंका रास्त आहे, आणि हा प्रश्न विचारणाऱ्या मुलांबद्दल मला खास आस्था वाटते.

पहिली गोष्ट: संख्या वाढली की पफचं काय होतं? मॉडेल म्हणतं, एका टप्प्यानंतर पाणी चेपलेलं असतानाही खळबळ स्वतःला पोसू शकते. मग पुंजका एका लांबीला थांबत नाही, दोन्ही टोकांनी पसरत जातो. त्याला ‘स्लग’ म्हणतात. २०१५ साली ‘नेचर’मध्ये बार्कली आणि हॉफ यांच्या गटांनी दाखवलं की पाईपमध्ये हे साधारण २२५० पासून घडतं, आणि पुढच्या व मागच्या टोकांचे मोजलेले वेग मॉडेलच्या वक्रावर बसतात. पुढचं टोक आधी दुबळं असतं, नंतर जोरकस होतं. हा बारकावासुद्धा त्यात आला.

दुसरी गोष्ट मला जास्त भावते. मधला वेग हेच खाद्य असेल, तर खाद्य काढून घेतलं की खळबळ मरायला हवी. २०१८ मध्ये क्यूनेन, हॉफ आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर फिजिक्स’मध्ये तसंच करून दाखवलं. पूर्ण बिथरलेल्या प्रवाहाचा वेग त्यांनी मुद्दाम आणखी सपाट केला. कधी भिंतीजवळच्या पाण्याला ढकलून, कधी उलट आधी जोराने ढवळून. पुढे गेल्यावर प्रवाह आपोआप लॅमिनार झाला. ढवळल्यामुळे पाणी शांत होतं, हे दोन आकड्यांचं मॉडेल हाताशी नसतं तर मला तरी पटलं नसतं.

फायदा किती? रेनॉल्ड्स संख्या १०,००० असताना गुळगुळीत पाईपमध्ये टर्ब्युलंट घर्षण लॅमिनारच्या जवळपास पाचपट असतं. पंपाचं वीजबिल भरणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मॉडेल काय सांगत नाही तेही लिहितो. खडबडीत पाईप, वळण, सांधा यांचा त्यात पत्ता नाही. पफच्या आत कुठे काय फिरतं ते कळत नाही. साध्या रूपात पफचं अचानक मरणं आणि दुभंगणं येत नाही, त्यासाठी नशिबाचा म्हणजे यदृच्छेचा भाग वेगळा मिसळावा लागतो. त्यातले काही स्थिरांकही मोजमापाशी जुळवून घेतलेले आहेत.

डायरेक्टेड परकोलेशन, शिकारी-सावज वगैरे ऐकलंय. ते काय?

वरच्या तापाच्या साथीचं काटेकोर रूप म्हणजे डायरेक्टेड परकोलेशन. पोमोने १९८६ मध्येच सुचवलं होतं की टर्ब्युलन्सची सुरुवात या वर्गात मोडत असावी. २०१६ मध्ये शीह, श्ये आणि गोल्डनफेल्ड यांनी खळबळीला सावज आणि तिच्यातूनच उठणाऱ्या एका मोठ्या सामूहिक प्रवाहाला शिकारी मानून पफचं मरणं-दुभंगणं मांडलं. पाईपमधल्या पफच्या गर्दीचा डायरेक्टेड परकोलेशनमध्ये कसा वाटा आहे, ते २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. नवख्याने इथून सुरुवात करू नये. आधी बार्कलीचं मॉडेल हाताने सोडवा.

आता मशीन लर्निंग आहे, मग हे सगळं कशाला?

न्यूरल नेटवर्क आकार फार छान शोधतं, पीओडीपेक्षाही कमी राशींत. वापरा. पण ज्या नेटवर्कला फक्त जिवंत पफ दाखवलेत, त्याला मरण कसं माहीत असणार? माझ्याकडे मॉडेल घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी तीन गोष्टी विचारतो. बारीक धक्का विझतो का? मोठा टिकतो का? टिकलेला कधीतरी आपणहून मरतो का? तिन्हींना ‘हो’ आलं तर पुढे बोलू.

आमच्या उसाच्या पाईपलाईनला याचा काय उपयोग?

हा प्रश्न निपाणीकडच्या एका काकांनी विचारला होता. त्यांना खरं तेच सांगितलं. नदीवरून पाणी उचलणाऱ्या सहा इंची पाईपमध्ये वेग सेकंदाला दीड मीटर धरला तर रेनॉल्ड्स संख्या सव्वादोन लाखांच्या घरात जाते. तिथे प्रवाह पूर्ण बिथरलेलाच असतो, पफ वगैरे काही नाही. त्या लाईनसाठी फूटव्हॉल्व्ह, गळती आणि योग्य व्यास बघावा.

ठिबकची गोष्ट वेगळी. १६ मिलिमीटरची नळी आतून साधारण १४ मिलिमीटर असते. तासाला चार लिटरचे ड्रिपर असतील तर नळीतलं पाणी प्रत्येक ड्रिपरगणिक कमी होत जातं. हिशेब करा: नळीत तासाला सुमारे ७२ ते ८० लिटर पाणी उरतं तिथे संख्या २०४० वर येते. म्हणजे शेवटून अठरावा-विसावा ड्रिपर. ड्रिपरमध्ये ४० सेंटीमीटर अंतर असेल तर सरीच्या टोकाकडचे सात-आठ मीटर. सुरुवातीला बिथरलेलं पाणी त्या टप्प्यात पफ-पफ होत निवत जातं. गाळ बहुधा नळीच्या शेवटाला बसतो, याचं एक कारण तिथला मंद वेग आणि विझलेली खळबळ. खळबळ गाळाला तरंगत ठेवते. म्हणून शेवटचा एंडकॅप उघडून नळ्या अधूनमधून धुवायच्या. काका म्हणाले, “ते आम्ही करतोयच की ओ.” करतातच. कारण कळल्यावर त्यांनी विसावा ड्रिपर कुठला ते मोजून बघितलं, त्याचा मला फार आनंद झाला.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये हे कुठे भेटतं?

हायड्रॉलिक पॉवरपॅकमध्ये, म्हणजे दाबाखाली तेल पुरवणाऱ्या पंपसंचात. ४६ ग्रेडच्या तेलाची व्हिस्कॉसिटी ४० अंशांना पाण्याच्या सेहेचाळीस पटींच्या आसपास असते, ६० अंशांना साधारण वीस पट. १२ मिलिमीटरच्या पाईपमध्ये वेग सेकंदाला चार मीटर धरा. तेल ४० अंशांवर असताना संख्या हजारभर, प्रवाह लॅमिनार. दुपारी तेल ६० अंशांवर गेलं की तोच पाईप, तोच पंप आणि संख्या २४००. दाबाचा काटा का थरथरतो याची बाकीची कारणं आधी तपासा, पण हे यादीत असू द्या.

आपल्या जवळपास कुणी यावर काम केलं आहे का?

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सतीश धवन आणि रोद्दम नरसिंह यांनी १९५८ साली सपाट पृष्ठभागावरचा प्रवाह लॅमिनारचा टर्ब्युलंट कसा होतो यावर निबंध लिहिला. एमन्सने १९५१ मध्ये खळबळीचे ठिपके दाखवले होते. धवन-नरसिंहांनी सगळ्या गुंत्यातून एकच राशी उचलली: एखाद्या ठिकाणी किती टक्के वेळ प्रवाह बिथरलेला असतो. ती राशी प्रवाहाच्या दिशेने कशी वाढते याचा एक सर्वसामान्य वक्र त्यांनी दिला, आणि तो आजही वापरात आहे. तेव्हा ‘रिड्यूस्ड-ऑर्डर’ हा शब्द कुणी वापरत नव्हतं, पण काम तेच होतं. धवन पुढे इस्रोचे अध्यक्ष झाले म्हणून सगळ्यांना ठाऊक आहेत. आपल्या राज्यात झालेलं हे काम मात्र आपल्याच मुलांना माहीत नसतं, याची मला खंत वाटते.

घरी रंगाचा प्रयोग जमेल का?

जमेल, घाई केली नाही तर. दहा मिलिमीटरची सरळ काचेची नळी, मोठं भांडं, सलाईनची बारीक सुई आणि पातळ केलेली निळी शाई. मी पहिल्यांदा भांडं भरून लगेच चावी उघडली, आणि शाईची रेघ तोंडाशीच फाटली. तीनदा तसंच झालं. रात्रभर पाणी ठेवून पहाटे केल्यावर रेघ टोकापर्यंत सरळ गेली, आणि खालच्या रस्त्यावरून ट्रक गेला तशी मोडली. शाई दाट नको, जड होऊन तळाला बसते. आणि एक मीटर नळीत वेगाचा आकार पूर्ण तयार होत नाही. दोन हजारांच्या आसपास त्याला सुमारे १२० व्यास लागतात, म्हणजे या नळीला सव्वा मीटर. नळी दोन मीटरची मिळाली तर उत्तम.

बार्कलीचं मॉडेल स्वतः चालवायचंय. सुरुवात कुठून करू?

वही काढा. खळबळीला ‘ख’ म्हणा, मधल्या वेगाला ‘म’ (लॅमिनार असताना म = १ येईल असं मोजमाप धरा), आणि रेनॉल्ड्स संख्येच्या जागी ‘र’.

ख च्या वाढीचा दर: ख × [म + र − १ − (र + ०.१) × (ख − १)²], आणि शिवाय ख शेजारी थोडी पसरते, पसरण्याचा गुणांक १.

म च्या बदलाचा दर: ०.०४ × (१ − म) − ०.२ × म × ख, आणि म हा ख पेक्षा एक एकक जास्त वेगाने पुढे वाहतो.

प्रोग्रॅम लिहायच्या आधी एक हिशेब हातानेच करा. म = १ आणि ख जवळजवळ शून्य ठेवा. कंसात उरतं −०.१, र काहीही असला तरी. बारीक धक्का कुठल्याही रेनॉल्ड्स संख्येला विझतो, ही वर सांगितलेली गोष्ट इथे एका ओळीत आली.

मग ४०० एकक लांबीचा पाईप घ्या, दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली. जागेचं पाऊल ०.५, काळाचं ०.०५. सगळीकडे म = १, ख = ०; मधल्या दहा एककांत ख = ०.०३ ठेवून र = ०.७ ला चालवा. विझेल. त्याच जागी ख = १ ठेवा. काही वेळाने एक पुंजका स्थिरावेल, मागची कड उभी, पुढे म हळूहळू सावरत जाणारा. आता र वाढवत १ च्या वर न्या आणि पुंजक्याच्या दोन्ही कडांवर नजर ठेवा. ०.८ आणि ०.९ च्या मधे कुठेतरी पुढची कड मागच्या कडेपासून लांब जायला लागते. नेमकं कुठे, ते दोन्ही दर शून्य धरून वहीवर काढता येतं. तुमचा आकडा स्क्रीनवरच्या आकड्याशी जुळला तर मला नक्की कळवा.